तिसाच्या खालची जांभळी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी रेघ आहे. जांभळ्या रंगाची, वाकडीतिकडी. पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारातल्या एका दुकानात, गल्ल्याशेजारी ठेवलेल्या संगणकाच्या पडद्यावर माझे घर आहे. पडद्याचा मोठा भाग शेअरच्या भावाच्या हिरव्या-तांबड्या काड्यांनी व्यापलेला असतो. त्यांच्या खाली एक चिंचोळी पट्टी आहे. त्या पट्टीत मी राहते. दुकानात येणारा माणूस आधी वरच्या काड्या बघतो आणि मग खाली माझ्याकडे बघतो. नेमके तेव्हाच मला नजर चुकवावीशी वाटते. रेघेला मान नसते, नाहीतर मी ती केव्हाच खाली घातली असती.

असे का, ते सांगण्याआधी मी कशापासून बनले ते सांगते.

माझे पूर्ण नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. दुकानात मला सगळे ‘आरएसआय’ म्हणतात. माझ्यासारख्या रेघांच्या सगळ्या कुळाला ‘इंडिकेटर’ म्हणतात, म्हणजे काहीतरी दाखवणाऱ्या. मी काय दाखवते? एखाद्या शेअरच्या व्यवहाराचे गेले चौदा दिवस घ्या. ज्या दिवशी भाव चढला, त्या दिवसाची चढण एका पारड्यात टाका. ज्या दिवशी उतरला, त्या दिवसाची उतरण दुसऱ्या पारड्यात टाका. चढणीचे पारडे जड झाले तर मी वर सरकते, उतरणीचे जड झाले तर खाली. दोन्ही सारखी असली तर मी पन्नासावर, अगदी मधोमध असते. शून्याच्या खाली मला जाता येत नाही आणि शंभराच्या वर चढता येत नाही. कंपनी काय बनवते, तिथे पगार वेळेवर होतात का, मालकाची नियत कशी आहे, यातले काहीही माझ्यात नाही. मी फक्त होऊन गेलेल्या भावांचा हिशेब आहे.

माझ्या पट्टीत माणसांनी दोन आडव्या तुटक रेघा मारल्या आहेत, एक सत्तरावर आणि एक तिसावर. कोणाला तरी त्या सोयीच्या वाटल्या म्हणून त्या तिथे आहेत, एवढेच. मी सत्तराच्या वर गेले की मला एक शब्द चिकटतो आणि तिसाच्या खाली गेले की दुसरा. त्या दुसऱ्या शब्दाचीच ही कहाणी आहे.

या दुकानाचे मालक महिपती. घर लोणी काळभोरला. वडिलांच्या वेळेपासून ज्वारी, गहू, हरभरा यांचा व्यापार. बाजारात त्यांचा एक गोष्टीसाठी मान होता. पोत्यात लोखंडी पोकळ नळी खुपसून ते दाणे बाहेर काढत, तळहातावर पसरत, एखादा दाणा दाताखाली फोडून बघत आणि मगच बोलत. या नमुन्याच्या दाण्यांना बाजारात ‘वानगी’ म्हणतात. वानगी काढल्याशिवाय महिपतींच्या तोंडून भाव निघत नसे. म्हणूनच त्यांनी ‘एक नंबर’ म्हटलेले पोते समोरचा माणूस न उघडता उचलून नेत असे.

मला इथे आणले त्यांच्या मुलीने. अपेक्षा तेव्हा संख्याशास्त्राची पदवी घेऊन हडपसरच्या एका आयटी कंपनीत नुकतीच लागली होती. दुपारी लिलाव आटोपल्यावर वडील रिकामे बसतात, म्हणून तिने संगणकावर शेअरचे आलेख लावून दिले. मला पट्टीत बसवताना ती म्हणाली,

“हे बघा अण्णा, ही जांभळी लाइन. तीसच्या खाली गेली की ओव्हरसोल्ड, सत्तरच्या वर गेली की ओव्हरबॉट. सिंपल आहे.”

“ओव्हर...?” महिपती म्हणाले.

“हो, ओव्हरसोल्ड. चला, मी पळते. माझी कॅब आली.”

मित्रांनो, महिपतींना आणखी विचारायचे होते, हे मला पडद्यातून दिसत होते. त्यांचे ओठ उघडले होते. पण शेजारच्या गाळ्यातले गोपाळकृष्ण काका चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांच्यासमोर मुलीला इंग्रजी शब्दाचा अर्थ कसा विचारायचा? महिपतींनी ओठ मिटले आणि मान अशी डोलावली की सगळे कळले आहे. अपेक्षाही निघून गेली. काय कळले, हे तिने विचारले नाही.

आता ‘ओव्हर’ हा शब्द बाजारात रोज ऐकू येतो. चहावाला सांगतो, “दूध ओव्हर झालं.” वजनकाट्यावरचा माणूस ओरडतो, “इंद्रायणी तांदूळ ओव्हर!” म्हणजे संपला. महिपतींनी अर्थ जुळवला. सोल्ड म्हणजे विकला. ओव्हर म्हणजे संपला. ओव्हरसोल्ड म्हणजे माल विकून ओव्हर झाला! आणि यार्डात माल संपला की काय होते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. दुसऱ्या दिवशी भाव चढतो.

अर्थ चुकीचा होता, पण इतका नीट बसणारा होता की त्यांना शंका यायचे कारणच उरले नाही.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. मी तिसाच्या खाली गेले की महिपती थोडे शेअर घेत. काही दिवसांनी भाव वर येई. पुन्हा मी खाली जाई, पुन्हा ते घेत, पुन्हा भाव वर येई. खरे कारण वेगळे होते. त्या काळात बाजारच चढत होता, आणि चढत्या बाजारात घसरलेले बहुतेक शेअर आपसूक वर येत होते. श्रेय मात्र मला मिळत होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा शेराही उमटे, ‘खरेदी करा’ असा. माझ्यासारख्या आठ रेघांची मते गोळा करून संगणक तो शेरा देत असे. महिपती तो सगळ्यांना दाखवत. “आठ जण एकच सांगतायत!” पण आम्ही आठही जणी त्याच एका भावातून जन्मलेल्या. एका माणसाने आठ वेळा साक्ष दिली म्हणून साक्षीदार आठ होत नाहीत. हे मला ठाऊक होते, पण रेघेला बोलता येत नाही.

गोपाळकृष्ण काका मूळचे सदाशिव पेठेतले. ते कोणाचे कौतुक करायचे तर तेही टोचूनच करत.

“महिपतराव, इंडिकेटर रिक्षालाही असतो.”

“मग? वळते की रिक्षा.”

“वळते. पण कुठल्या बाजूला, ते रिक्षावाल्यालाही वळल्यावरच कळतं.”

सगळे हसले. महिपतीही हसले. पण त्यांनी पडदा थोडा बाहेरच्या बाजूला वळवला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा. कोणीतरी त्यांना ‘इंडिकेटर शेठ’ म्हणू लागले आणि त्यांना ते आवडले.

बजरंग याच दुकानावर पोती उचलत असे. हमालीची त्याला बरीच वर्षे झाली होती. चाळिशी उलटली आणि त्याच्या पाठीने तक्रार सुरू केली. कमरेला रुंद पट्टा आवळून तो पोते पाठीवर घेई आणि ठेवताना दात आवळून श्वास सोडी. त्याची एकच इच्छा होती. जुना का होईना, एक छोटा टेम्पो घ्यायचा. मग पोती वाहायची ती टेम्पोने, आणि त्याने फक्त स्टिअरिंग फिरवायचे. त्यासाठी त्याने आणि सोजरबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, पैसे साठवले होते. टेम्पो बघूनही ठेवला होता. थोडे कमी पडत होते.

एका दुपारी तो घाम पुसत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“शेठ, ही जांभळी लई खाली गेलीया आज.”

“बघ की! पंपाची कंपनी आहे. तिसाच्या पण खाली.”

“म्हंजी काय हो?”

“म्हणजे ओव्हरसोल्ड. विकून ओव्हर झाला माल. आता घेणाऱ्याला मिळायचा नाही, मग भाव चढणारच.”

बजरंगने डोके खाजवले. “वानगी बघितलीया न्हवं?”

महिपती हसले. “अरे, शेअरला कसली वानगी? ही रेघच वानगी.”

त्या क्षणी मला पडद्यावरून पुसून जावेसे वाटले. मी वानगी नव्हते. पोत्याच्या आत माझी नळी कधी गेलीच नव्हती. पोत्याच्या बाहेर लोक काय भाव ओरडत होते, तेवढेच मी लिहून ठेवत होते. पण बजरंगने इतक्या वर्षांत महिपतींच्या शब्दावर उचललेले एकही पोते खोटे निघाले नव्हते. त्याने फोन काढला आणि टेम्पोच्या पैशांपैकी निम्मे त्या कंपनीत घातले.

भाव आणखी उतरला. मीही उतरले. महिपती म्हणाले, “आणखी माल संपला. अजून चांगलं.” बघा मित्रांनो, शब्दाचा अर्थ उलटा धरला की घसरणसुद्धा आनंदाची बातमी होते.

मग एक-दोन दिवस भाव किंचित चढला. एवढ्या मोठ्या घसरणीपुढे ती चढण चिमूटभर होती, पण तोवर मोठ्या घसरणीचे दिवस माझ्या चौदा दिवसांच्या हिशेबातून बाहेर पडले होते, त्यामुळे त्या चिमटीनेही मी तिसाच्या वर डोके काढले. महिपतींनी हाक मारली, “बजरंगा, निघाला बघ वर!” बजरंगने उरलेले निम्मेही घातले. भाव मात्र त्याच्या पहिल्या खरेदीच्या खूप खाली होता. माझ्याकडे बघणाऱ्या दोघांपैकी एकानेही मान वर करून काड्यांकडे पाहिले नाही.

त्यानंतर बातमी आली. त्या कंपनीच्या पंपांना गिऱ्हाईक राहिले नव्हते आणि गोदामे न विकलेल्या मालाने भरली होती. माल संपला नव्हता, मित्रांनो. माल पडून होता. भाव कोसळला आणि मी तिसाच्या खाली जाऊन तिथेच रुतून बसले. रोज उतरण होत असेल तर मी खालीच राहणार, त्यात मी काय करू शकते? खाली राहण्याला काही मुदत नसते.

गोपाळकृष्ण काका येऊन म्हणाले, “मगरपट्ट्यापासून डावा इंडिकेटर लावलेला माणूस लोणीपर्यंत सरळ जातो, महिपतराव. तसं झालंय हे.”

या वेळी कोणी हसले नाही. काका जाताच महिपतींनी पडदा भिंतीकडे वळवला आणि त्यावर एक रिकामे बारदान, म्हणजे धान्याचे पोते, टाकले.

बारदानाखाली मी बरेच दिवस काढले. धूळ, गोणपाटाचा वास आणि अंधार. दिसत काही नव्हते, पण ऐकू येत होते. बजरंगचा पाय दुकानाच्या पायरीवर वाजला की महिपतींची खुर्ची मागे सरके आणि ते मागच्या दाराने गोदामात जात. पूर्वी ते त्याला हाक मारत, “बजरंगा, चहा घेऊन जा.” ती हाक बंद झाली. बजरंगही काही विचारत नसे. पोते ठेवताना त्याचा श्वास पूर्वीपेक्षा लांब झाला होता, एवढे मला ऐकू येई. एकदा सोजरबाई आली. तिने दारातूनच विचारले, “शेठ हायत का?” महिपती आत गोदामात उभे होते. दुकानातल्या नोकराने सांगितले, “बाहेर गेलेत.” ती जरा वेळ थांबली आणि गेली. तिची पावले विरल्यावरच महिपती गोदामातून बाहेर आले. मला ठाऊक होते, तिच्यासमोर यायला त्यांना कशाची अडचण होती. माझीही तीच होती.

एका सुट्टीच्या दिवशी अपेक्षा दुकानात आली. तिला संगणकातून काही कागद काढायचे होते. तिने बारदान ओढले, पडदा सरळ केला आणि माझ्याकडे पाहिले.

“अण्णा, हा शेअर कशाला ठेवलाय स्क्रीनवर? किती दिवस ओव्हरसोल्ड आहे हा!”

महिपती ज्वारीच्या थप्पीजवळ उभे होते. त्याच वेळी बजरंग दारात आला, आदल्या दिवशी राहिलेला पट्टा घ्यायला. मागच्या दाराला कुलूप होते. महिपतींना जायला जागा नव्हती.

ते हळूच म्हणाले, “अपेक्षा, ओव्हर म्हणजे... संपला ना? विकून संपला?”

अपेक्षा हसली. अगदी मोकळेपणाने, मोठ्याने. “काय अण्णा! दूध ओव्हर झालं तसं?” मग तिचे वडिलांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेले. तिथून दारातल्या बजरंगकडे. तिचे हसू अर्ध्यातच थांबले.

“नाही अण्णा,” ती म्हणाली, “ओव्हर म्हणजे जास्त. प्रमाणाबाहेर. लोकांनी गेल्या काही दिवसांत फार जोरात विकला, एवढंच. मग तो वर येईल असं काही जणांना वाटतं. कधी येतो, कधी नाही येत. का विकला, ते ही लाइन सांगत नाही. ते कंपनीत बघावं लागतं.”

अपेक्षाने माझ्यावरून नजर काढली आणि स्वतःच्या चपलांकडे बघितले.

“मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं, तुम्हाला काय समजलं ते. मला वाटलं, सिंपल आहे.”

बजरंग दारातच उभा होता. तो एका झटक्यात सगळे समजला, असे त्याच्या तोंडावरून दिसले. तो रागावेल असे मला वाटले. त्याचा आवाज मात्र खाली आला. समोरच्या माणसाला इतक्या शरमेत बघणे त्यालाच जड जात होते. त्याने वाट काढून दिली.

“मशिनीचं चुकलं म्हना, शेठ. हुतं तसं.”

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले सांगू? मला वाटले, घ्यावा महिपतींनी हा मार्ग. माझ्यावर ढकलून मोकळे व्हावे. रेघेची अब्रू गेली तर कोणाचे काय जाते?

महिपतींनी मान हलवली.

“मशीन नाही, बजरंगा. तिनं जे झालं तेच दाखवलं. मी वानगी न काढता भाव बोललो.”

यार्डात हे वाक्य कोणी स्वतःबद्दल बोलत नाही. बजरंगने पट्टा उचलला, हातात गुंडाळला, पुन्हा उलगडला.

“सोजरीला काय सांगू?”

“मी सांगतो. तू चल, मी येतो तुझ्याबरोबर.”

“आन् ही आत्ता कुठं हाय?” त्याने माझ्याकडे बोट दाखवले.

“तिसाच्या खाली.”

“मंग आता चढंल का उतरंल?”

महिपतींनी माझ्याकडे पाहिले. बऱ्याच दिवसांनी, नजर न चुकवता.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

या दुकानात माझ्याबद्दल बोलले गेलेले ते पहिले खरे वाक्य होते.

सगळे लगेच नीट झाले, असे मी सांगणार नाही. सोजरबाईने महिपतींना पाणी दिले, पण ‘बसा’ म्हणाली नाही, हे त्यांच्याबरोबर गेलेल्या अपेक्षाने नंतर गोपाळकृष्ण काकांना सांगितले तेव्हा मी ऐकले. बजरंगने पंपाचे शेअर विकले. महिपतींनी चांगल्या दिवसांत घेतलेले आपले सगळे शेअर विकून त्यात भर घातली. बजरंग घेईना, तेव्हा अपेक्षाने सोजरबाईच्या हातात नेऊन दिले. तरीही पाहून ठेवलेला टेम्पो तोवर दुसऱ्याने नेला होता. त्याहून जुना, त्याहून लहान असा एक सापडेपर्यंत बरेच महिने गेले. त्या सगळ्या महिन्यांत बजरंगच्या पाठीवर पोते होते. ते दिवस मला किंवा महिपतींना परत करता आले नाहीत. म्हणून आजही कोणी माझ्याकडे कौतुकाने बघितले की मला लाज वाटते.

बारदान पुन्हा माझ्यावर पडले नाही. महिपती अजून दुपारी माझ्याकडे बघतात. पण कोणी तरुण गिऱ्हाईक येऊन म्हणाले, “शेठ, हा ओव्हरसोल्ड आहे, घेऊ का?” तर ते आधी त्याला बसवतात आणि विचारतात, “ओव्हरसोल्ड म्हणजे काय? तुझ्या शब्दांत सांग.” बरेच जण अडखळतात. महिपती त्यांना हसत नाहीत. आपल्याला काय कळले होते, ते सांगतात. गोपाळकृष्ण काका समोर बसलेले असले तरी सांगतात. काका तेव्हा मुकाट्याने चहा पितात.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला आणि माझ्या बहिणींना फेकून देऊ नका; आम्ही जे झाले ते प्रामाणिकपणे दाखवतो. पण आमच्या तोंडी उद्याचे शब्द घालू नका. आणि कोणताही शब्द वापरण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारा, चारचौघांत विचारावा लागला तरी विचारा. जो समजावतो त्यानेही निघण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे, “तुला काय कळलं?” अर्धवट सोडलेला एक प्रश्न किती वजनाचा असतो, ते बजरंगच्या पाठीला विचारा.

काल त्याचा टेम्पो दुकानासमोर आला. माल भरून झाला आणि तो रस्त्याकडे वळायला निघाला. मागचा पिवळा दिवा नीट लुकलुकत होता. तरीही बजरंगने खिडकीतून आपला पूर्ण हात बाहेर काढला आणि वळायच्या बाजूला दाखवत राहिला.

महिपती पायरीवरून ओरडले, “अरे, इंडिकेटर चालू आहे तुझा!”

“हाय की चालू!” बजरंग म्हणाला. “पर हात माझा हाय, शेठ.”

आणि हात दाखवला होता, त्याच बाजूला तो वळला.